माणूस कामावर आहे

३ मार्च

दादा,

सुखरूप पोचले. फोन करणार होते, पण आपल्याकडे फोन वाजला की तुझ्याआधी आई उचलते. बोलायच्या आधी ती जो श्वास घेते ना, तो ऐकला की मला खोटं बोलता येत नाही. म्हणून पत्र. मी प्रशिक्षणाला गेलेय असं तिला तूच सांगितलंयस, आता ते निभावणंही तुझ्याकडेच.

वकिलाने घर उघडून दिलं. घर म्हणजे खरं तर अर्धं घर. मूळचं एक मोठं घर दोन बहिणींनी वाटून घेतलं, मधोमध भिंत घातली. पलीकडच्या भागात आता एक म्हातारे गृहस्थ भाड्याने राहतात. अलीकडच्या भागात घरमालकीण राहायची, बाबा या देशात कामाला असताना जिच्याकडे भाड्याने राहत ती. तिच्या मृत्युपत्रातलं वाक्य वकिलाने मला दोनदा वाचून दाखवलं. "हे घर, ज्याने कुलूप लावलं त्याला, किंवा तो नसेल तर त्याच्या माणसांना." मी विचारलं, कसलं कुलूप? तो म्हणाला, "या, दाखवतो."

जिन्याखाली विजेचा जुना बोर्ड आहे. चिनी मातीचे फ्यूज, कापडाच्या आवरणाच्या वायरी. एका मेन स्विचचा दांडा खाली ओढलेला आणि त्यात एक छोटं पितळी कुलूप अडकवलेलं. कुलपाला पत्र्याची चकती. तिच्यावर बाबांचं नाव आणि त्यांचा परवाना नंबर ठोकलेला. खाली इथल्या भाषेत छापलंय: "लाइन चालू करू नका. माणूस कामावर आहे."

दादा, मी तिथे जिन्याखाली बसलेच. तू विसरला असशील. बाबा घरी काही दुरुस्ती करायचे तेव्हा मला बोर्डापाशी उभं करायचे. "मी सांगेपर्यंत हात लावायचा नाही. कुणीही सांगितलं तरी नाही." मी पाय दुखेपर्यंत उभी राहायचे. मग आतून हाक यायची, "चालूऽ कर!" आणि मी खटका वर करायचे. सगळ्या घराला मीच वीज देतेय असं वाटायचं.

असो. कामाचं सांगते. इथला कायदा असा: मालक मेला की घराची वीज तोडतात. जुनी वायरिंग सगळी काढून नवी टाकायची, तीही परवानाधारक मिस्त्रीनेच. भिंतीत एकही बेवारस वायर राहता कामा नये. एक तर ती नव्या बोर्डाला जोडलेली हवी, नाहीतर उपटून काढलेली. शेवटी तपासनीस येऊन दाखला देणार. दाखला नाही तर विक्री नाही. मिस्त्री मिळाली आहे. हो, मिळाली. बाई आहे, चांगली थोराड, बोलते कमी आणि शिट्टी वाजवते फार.

आईला औषधं वेळेवर देतोस ना?

तुझी
बारकी

---

१५ मार्च

बारके,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा डोकं फिरलं.

तू चकती बघून जिन्याखाली बसलीस. मला आठवतं ते वेगळं. त्यांच्या कंपनीचं पत्र आलं होतं, एका ओळीचं: कामगार न सांगता नोकरी सोडून गेला. ते पत्र मी वाचून दाखवलं, तेव्हा माझ्या ओठांवर मिसरूडही फुटलं नव्हतं. त्या दिवसापासून आळीतल्या प्रत्येक नळावर, प्रत्येक ओट्यावर आपल्या घराची चर्चा. "तिकडे दुसरं घर केलं म्हणे." आणि आपली आई? विचारणाऱ्या प्रत्येकाला एकच उत्तर: "कामावर आहेत." भाजीवाल्याला तेच, शाळेच्या हेडमास्तरांना तेच, आजही दारात जनगणनेवाला आला की तेच! एक बाई एवढी वर्षं एका खोट्यावर तग धरून बसते, आणि त्या खोट्याचा मालक तिकडे दुसऱ्या बाईच्या जिन्याखाली कुलपं लावतो!

आता सरळ सांग, कुठली घरमालकीण भाडेकरूला घर देऊन जाते? आपण काय दूधपिती पोरं आहोत? मी हजारो कामगारांपुढे उभा राहून सांगत आलो आहे, की जो माणूस आपलं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर टाकून चालता होतो त्याला माफी नाही. ते मी व्यासपीठावर शिकलेलो नाही, घरात शिकलो.

कुलूप तोड. वायरी टाक. दाखला घे, विक आणि ये. त्या पैशाला मी हात लावणार नाही, आधीच सांगतो. आईच्या नावाने दवाखान्यात एखादी खाट दे.

आईची तब्येत तशीच. खाटेवर असते, फोन हाताशी. परवा मला म्हणाली, "घरात कसला तरी चुन्याचा वास येतोय. भिंत फोडलीस का?" मी म्हटलं, आई, कुणी भिंत फोडली नाही. ती म्हणाली, "मग कुठेतरी फोडतायत."

वय झालं. दुसरं काही नाही.

दादा

---

२८ मार्च

दादा,

तुझं पत्र म्हणजे सभाच. पत्रात माइक नसतो रे, हळू बोललास तरी ऐकू येतं.

भिंती फोडायला आम्ही सुरुवात केली ती तुझ्या पत्राच्या आदल्या आठवड्यात. आईच्या चुन्याच्या वासाबद्दल एवढंच लिहिते आणि पुढे जाते.

कुलूप तोडलेलं नाही. तोडता येत नाही. मी मिस्त्रीणबाईला म्हटलं, "कटर आहे ना तुमच्याकडे? कापा." तिची शिट्टी थांबली. म्हणाली, "ज्याने लावलं त्यानेच काढायचं. हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. किल्ली एकच असते आणि ती त्याच्या खिशात असते."

मी म्हटलं, "अहो, तो माणूस केव्हाचा निघून गेला."

"गेला हे कुणी पाहिलं?"

मी चकती पुन्हा वाचली. ती म्हणाली, "कुलूप आहे म्हणजे माणूस लाइनवर आहे. नाही हे सिद्ध होईपर्यंत आहे."

बाकी घराचं काम झपाट्याने चाललंय. स्वयंपाकघर, वरच्या दोन खोल्या, जिना, सगळीकडे नवी वायर पडली. राहिली एकच, मागची खोली. तिथली लाइन त्या कुलूपबंद स्विचवरून निघते, फरशीच्या फळ्यांखाली जाते. तिथे छताला एक जुना बल्ब आहे, भिंतीवरचा खटका "चालू"वर आहे, आणि शेजारचे आजोबा सांगतात की त्या खोलीत दिवा लागलेला त्यांनी कधीच पाहिला नाही. घरमालकीण संध्याकाळ झाली की ती खोली बंद करायची.

आजोबांशी माझी गट्टी जमली आहे. भिंतीपलीकडून खोकतात, मग दार वाजवून येतात. त्यांच्याकडून कळलं ते तुला आहे तसं सांगते. घरमालकीण बाबांपेक्षा वयाने बरीच मोठी होती. कानांनी ठार बहिरी. ओठ बघून बोलायची. तुझं "दुसरं घर" जरा बाजूला ठेव. आजोबा म्हणतात, ती रोज दुपारी दोन कप चहा करायची. एक स्वतःचा. दुसरा मागच्या खोलीत नेऊन जमिनीवर ठेवायची, थोड्या वेळाने परत आणून ओतून द्यायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "वीजवाला काम करतोय."

सगळे तिला वेडी समजायचे.

मी मागच्या खोलीतली सतरंजी उचलली. लाकडी जमीन आहे, वर्षानुवर्षं मेण घासून आरशासारखी केलेली. आणि एका जागी, फक्त एका जागी, पांढरे गोल डाग. कपाच्या बुडाएवढे. एकावर एक, एकात एक, इतके की मधलं लाकूड दिसतच नाही. मी त्यावर हात ठेवला. जमीन गार होती, ते सोड. इथे सगळीच जमीन गार असते. पण दादा, मला उगाच वाटलं की मी कुणाच्या तरी डोक्यावर हात ठेवलाय.

आता खरी गोष्ट. काल मिस्त्रीणबाईने मागच्या खोलीतल्या वायरीला टेस्टर लावला. कुलूप लागलेलं, दांडा खाली, शिवाय घराची सगळी वीज कंपनीने रस्त्यावरून तोडलेली. ती लाइन मेलेली असायला हवी.

टेस्टर पेटला.

तिने टेस्टर बदलला. तोही पेटला. तिने हात मागे घेतला. मग म्हणाली, "आज इथे काम बंद." आणि जाताना तिने शिट्टी वाजवली नाही.

बारकी

---

८ एप्रिल

बारके,

बस झालं. बॅग भर आणि ये.

मी आयुष्यभर लोकांच्या मानगुटीवरची भुतं उतरवली. कारखान्यात यंत्राला नारळ फोडून कामगाराला हातमोजे न देणाऱ्या मालकांशी भांडलो. आणि माझ्याच घरातली शिकलेली मुलगी, दवाखान्यात औषधं मोजून देणारी, मला लिहिते की जमीन डोक्यासारखी लागली! अगं, टेस्टर पेटतो तेव्हा कुठून तरी वीज येत असते. एवढंच. कुठून, ते शोधायला तुझी मिस्त्रीणबाई पगार घेते ना? वीज देव नाही आणि भूतही नाही. ती रस्ता मिळेल तिथून येते. बापाचा धंदाच तो होता. त्याने मला दुसरं काही दिलं नसेल, एवढं दिलं.

आणि तो चहा! मला तर त्यात उलट पुरावाच दिसतो. ज्याच्यावर जीव जडतो त्याच्याच नावाने कुणी चहा ठेवतं. तो तिलाही सोडून गेला असणार. एकदा सोडायची सवय लागली की लागली. म्हातारी बिचारी आपल्या आईसारखीच फसली. दोन बायका, दोन देशांत, एकच वाक्य म्हणत बसल्या. "कामावर आहे." वा रे कामगार!

राग आला असेल तर येऊ दे. पण मला एक सांग, तू कोणाची बाजू घेऊन तिथे बसली आहेस? इथे आई रोज कमी जेवते. काल तर तिने कमालच केली. मी पेज भरवत होतो. चमचा हाताने बाजूला करून म्हणाली, "त्यांचा चहा गार होत असेल." मी विचारलं, कोणाचा? ती माझ्याकडे बघतच राहिली, मीच वेडा असल्यासारखी.

हे वाचून तुझ्या डोक्यात काय येईल ते मला माहीत आहे. येऊ देऊ नकोस. मी तिला चहाचं सांगितलेलं नाही. तुझं पत्र माझ्या कपाटात कुलूपबंद आहे. झोपेत बडबडलो असेन.

आईला तुला बघायचंय. तिच्या हातात फार वेळ नाही, बारके. तिला काय सांगायचं ते आपल्याला ठरवायला हवं. "गेले" म्हणायचं, की "टाकून गेले" म्हणायचं? का "कामावर आहेत" याच शब्दांवर तिला जाऊ द्यायचं? मला यातलं एकही वाक्य जमत नाही. हजारांपुढे बोलणारा मी.

ये.

दादा

---

१० एप्रिल

दादा,

तुझं उत्तर अजून आलेलं नाही, पण राहवत नाही म्हणून लिहिते.

टेस्टर का पेटला ते कळलं. बहिणींनी घर वाटून घेतलं, भिंत घातली, भांडीकुंडी वाटली. जमिनीखालची एक वायर वाटायची राहून गेली. मागच्या खोलीची लाइन फळ्यांखाली शेजारच्या घराला जोडलेली आहे. म्हणजे इकडून कुलूप लावलं तरी तिकडून वीज येत राहते.

मी विचारलं, "मग दिवा का लागत नव्हता?"

मिस्त्रीणबाई म्हणाली, "विजेला जायला एक वायर लागते आणि परतायला एक. परतीची वायर या कुलपात अडकली आहे. वीज येते आणि परत जायला वाट नाही म्हणून उभी राहते. दिवा विझलेला, फ्यूज काढलेला, कुलूप लावलेलं. बघणाऱ्याला वाटतं, मेली. पण कुणी उघड्या मातीवर बसून तिला हात लावला, तर त्याच्यातून तिला परतीची वाट मिळते."

हे सांगून तिने टेस्टर खिशात ठेवला. 

मग तिने नियम सांगितला. कुलूप लावणारा सापडत नसेल, तर तपासनीस स्वतः येतो. तो ती लाइन या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून बघतो, माणूस मावेल अशी प्रत्येक जागा उघडतो. तिथे कुणी नाही याची खात्री झाली, तरच कुलूप कापता येतं. मागच्या खोलीखाली पोकळी आहे, पण तिच्यात उतरायची वाट सापडत नाही म्हणाली. घराच्या बाहेरून नाही, आतूनही दिसत नाही.

मला वाट कुठे आहे ते माहीत आहे, दादा. तिथे मेण घासून घासून फट बुजलेली आहे.

पुढच्या आठवड्यात तपासनीस येईल. मी तिथे असणार. कुणीतरी आपलं असायला हवं.

बारकी

---

२० एप्रिल

दादा,

फोन उचलला आणि ठेवला. फोन आई उचलते.

बाबा सापडले.

त्या गोल डागांखाली झाकण होतं. तपासनीसाने सुरीने मेण खरवडलं, पहारीने फळी वर केली. खालून थंड कोरडी हवा आली, मातीच्या वासाची. वाईट वास नव्हता. बाबा झाकणाच्या जवळच होते. बसलेले. भिंतीला पाठ. हातात पक्कड होती. आता हात म्हणण्यासारखं काही नाही, पण पक्कड तिथेच होती, वायरीवर. शर्टाच्या खिशात किल्ली.

मिस्त्रीणबाईने डोक्यावरची टोपी काढली. तपासनीस म्हाताऱ्यासारखा हळूहळू गुडघ्यांवर बसला आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मी विचारलं, काय लिहिलंत? म्हणाला, "कुलूप योग्य आहे. माणूस लाइनवर आहे."

पोलीस येऊन गेले. आजोबांनी त्यांना सांगितलं ते मी पहिल्यांदाच ऐकलं. त्या काळीही पोलीस एकदा चौकशीला आले होते, कंपनीच्या सांगण्यावरून. आजोबा तेव्हा नुकतेच राहायला आले होते. दारातच उभे होते. पोलिसांनी घरमालकिणीला विचारलं, तुमचा भाडेकरू कुठे आहे? तिने ओठ वाचले आणि सांगितलं, "तो काम करतोय." पोलिसांना वाटलं दुसरीकडे कुठे कामाला लागला. हसले आणि गेले.

तिने त्यांना खोटं सांगितलं नाही, दादा. हाच विचार डोक्यातून जात नाही. झाकण तिने लावलं असेल, वारा येतो म्हणून. बहिरी होती, काही ऐकू आलं नसेल. पण पहिल्या दिवशी चहा ठेवला तेव्हा? दुसऱ्या दिवशी? तिला केव्हा कळलं? आणि कळल्यावर ती घाबरली, की बाबांनी तिलाही बजावून ठेवलं होतं, "मी सांगेपर्यंत हात लावायचा नाही, कुणीही सांगितलं तरी नाही"? ती ओठ वाचायची. हाक ऐकू येणार नव्हती. मग ती काय, बाबांचं तोंड दिसायची वाट बघत राहिली?

तू आईला काही सांगू नकोस. आपण समोर बसून सांगू. बाबांना घेऊन येते. कागद व्हायला थोडे दिवस लागतील.

ते कुठेही गेले नव्हते, दादा. कुणालाही सोडून गेले नव्हते. सुट्टीच्या दिवशी दुसऱ्याच्या घरातली एक वायर दुरुस्त करायला खाली उतरले होते. नियमाने. कुलूप लावून.

बारकी

---

२ मे

बारके,

काय लिहू.

पत्र घेऊन मी नदीच्या पुलावर जाऊन बसलो. लोक नमस्कार करून जात होते, "साहेब, उद्याची सभा किती वाजता?" मी सभा रद्द केली. पहिल्यांदाच.

त्या म्हातारीवर आग पाखडावी म्हणून लेखणी उचलली होती. चार पानं लिहिली आणि फाडली. लिहिताना प्रत्येक वेळी डोळ्यांपुढे ती यायची नाही, आपली आई यायची. फोन हाताशी घेऊन बसलेली. दोघींनी एकच केलं. एकीला माहीत होतं आणि एकीला नव्हतं, एवढाच फरक. आता तर मला तेवढीही खात्री राहिलेली नाही.

कुलूप कापू देऊ नकोस. आता किल्ली आहे. तू काढ. त्यांनी तुलाच बोर्डापाशी उभं केलं होतं, मला कधी नाही. मला त्याचा राग यायचा तेव्हा. आठवतं मला, बारके. मी विसरलो म्हणून लिहिलंस ना? काही विसरलेलो नाही. "चालूऽ" लांबवायचे आणि "कर" झटकन म्हणायचे, हातोडीने खिळा ठोकल्यासारखं.

आई शांत आहे. तिला काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही, तू येईपर्यंत. पण तिने परवापासून त्यांच्या वाटणीचं ताट वाढायचं बंद करायला सांगितलंय. एवढी वर्षं वाढत होतो आपण, तिच्या हट्टापायी. "आता नको," म्हणाली, "आता निघतीलच."

लवकर आण त्यांना.

दादा

---

१४ मे

दादा,

आज काम संपलं. सगळे कागदही झाले. पुढच्या आठवड्यात बाबांना घेऊन निघते. घराचं वकील बघेल. तुझी दवाखान्यातली खाट लक्षात आहे.

आज सकाळी तपासनीस आला, मिस्त्रीणबाई होतीच. शेजारची जोडलेली वायर तोडली आहे, जुनी लाइन अख्खी उपटून काढली. मागच्या खोलीला नवी वायर टाकली. वीज कंपनीने रस्त्यावरून घराची लाइन परत जोडून दिली. नव्या बोर्डावर या खोलीचा खटका शेवटचा. फक्त छताचा तो जुना बल्ब मी बदलू दिला नाही. नियमात बल्बबद्दल काही नाही, हे मी विचारून घेतलं.

पण आधी कुलूप. तपासनीसाने पोलिसांकडून आलेली किल्ली माझ्या हातावर ठेवली. मला वाटलं, गंजलं असेल, अडेल. सहज फिरलं. जणू कुणी कालच तेल घातलं होतं. कुलूप आणि चकती मी आता पिशवीत ठेवली आहे, आईसाठी.

मग मिस्त्रीणबाई म्हणाली, "करा चालू."

मी खटक्यावर बोट ठेवलं आणि ते पुढे जाईना. हसू नकोस. मी वाट बघत होते. लहानपणीची सवय. इथे सकाळ होती, म्हणजे तिकडे तुमची जेवणं आटोपून भांडी घासली जात असतील. मला सगळं माहीत होतं. बाबा त्या पोकळीत नाहीत, लाकडाच्या पेटीत आहेत, मी स्वतः सही करून घेतलेत. हाक येणार नाही. तरी मी उभी. उजवा पाय दुखायला लागला, मग दोन्ही. तपासनीसाने घड्याळाकडे बघितलं नाही. मिस्त्रीणबाईने शिट्टी वाजवली नाही. तिच्या धंद्यातल्या माणसाला कळतं, बोर्डापाशी उभ्या असलेल्याला घाई करायची नसते.

आणि मग एकदम मला कळलं, आता चालेल. कसं कळलं ते विचारू नकोस. कानांनी काही ऐकलं नाही, एवढं शपथेवर सांगते. पण बोट आपलं आपण वर गेलं.

मागच्या खोलीत दिवा लागला.

जुना बल्ब, पिवळा उजेड. जमिनीवरचे ते गोल डाग त्या उजेडात पहिल्यांदाच दिसत असतील. आजोबा भिंतीपलीकडून खोकले, मग दारात आले, आत बघितलं आणि म्हणाले, "झालं वाटतं काम त्याचं."

भेटू.

बारकी

---

१४ मे

बारके,

हे पत्र तुला तिथे मिळेल की तू आधीच निघालेली असशील, माहीत नाही. फोनवर सांगण्यासारखं नाही म्हणून लिहितो. माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही हे तुला माहीत आहे. उद्याही नसेल. फक्त जे घडलं ते, घडलं तसं लिहून ठेवतो.

आज दुपारची जेवणं झाली होती. मी मोरीत भांडी घासत होतो. आई खाटेवर पडून होती, गेले काही दिवस तिला उठून बसायलाही आधार लागतो. एकदम तिचा आवाज आला. तो आवाज तिला या अवस्थेत काढता येईल असं डॉक्टरलाही वाटलं नसतं. सगळी आळी ऐकेल एवढ्या जोरात:

"चालूऽ कर!"

मी हातातलं पातेलं टाकून धावलो. बोर्डाकडे गेलो आधी, लाइट गेली असेल म्हणून. लाइट होती. पंखा फिरत होता. आई खाटेवर सरळ बसलेली, आधाराशिवाय, मान दाराकडे वळवून.

मी म्हटलं, "आई, काय चालू करू?"

माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, "तुला नाही रे. पोरीला सांगितलं. किती वेळ उभी होती बोर्डापाशी. पाय दुखले असतील तिचे."

"कुणी सांगितलं तुला?"

"ते कुठे सांगतायत आता? त्यांचं झालं. म्हटलं, मीच सांगते."

मग आपली आपण आडवी झाली. उशीजवळचा फोन उचलला आणि माझ्या हातात दिला. थोड्या वेळाने फोन वाजला, संघटनेतल्या कुणाचा तरी. आईने मान वळवली नाही. झोपली होती. शांत, तोंड किंचित उघडं, कुणाची वाट न बघणाऱ्या माणसासारखी. मी श्वास बघितला. चालू आहे. संथ आहे. तू येईपर्यंत राहील असं वाटतं.

बारके, मी तिला काहीही सांगितलेलं नाही. शपथेवर सांगतो.

खरं सांग. आज तू कुठे उभी होतीस?

दादा